ग्वाल्हेरची ‘लोकल दर्शन’ गाडी: शेवटच्या दोन दिवसांसाठी घ्यावी का?

खजुराहो, ओरछा, झाशी करत आलेली मराठी कुटुंबं सहलीच्या शेवटाला ग्वाल्हेरला येतात. परतीच्या गाड्या इथून सोयीच्या पडतात: पंजाब मेल मुंबईला, झेलम पुण्याला. हातात दोन दिवस असतात, त्यातला दुसरा अर्धामुर्धा. पाय दुखलेले, मुलं कंटाळलेली, कपडे मळलेले. अशा वेळी हॉटेलच्या काउंटरवर ‘लोकल दर्शन’चं कार्ड दिसतं आणि ‘हाफ डे’वर बोट ठेवलं जातं. हे परीक्षण त्या गाडीचं आहे. गाडी कुणाची घ्यावी याचं नव्हे, या सेवेत काय मिळतं आणि काय निसटतं याचं.

आमचं मत आधीच सांगतो. गाडी एकाच दिवसाची घ्या, पण पूर्ण दिवसाची, आणि ती किल्ल्यावर खर्च करा. हाफ डे म्हणजे पैसे देऊन किल्ला न पाहणं. शेवटच्या दिवशी गाडीची गरजच नाही.

हाफ डे म्हणजे चार तास, चाळीस किलोमीटर; फुल डे म्हणजे आठ तास, ऐंशी किलोमीटर. शहरातलं सगळं पाहिलं तरी ऐंशी किलोमीटर भरत नाहीत. ग्वाल्हेरमध्ये जास्तीचं बिल लागतं ते तासांचं. म्हणून ठरवताना तीनच प्रश्न विचारा. वेळ कुठून मोजणार, हॉटेलच्या दारातून की गाडी तुमच्या गॅरेजमधून निघाल्यापासून? जादा तासाचा दर काय? पार्किंग कुणाकडे? आणि चौथी गोष्ट प्रश्न म्हणून नाही, अट म्हणून सांगायची: ‘आम्ही हाथी पोळवरून पायी उतरणार, गाडी खाली नेऊन किला गेटला उभी करायची.’ (हाथी पोळ हा मानमंदिर महालाशेजारचा दरवाजा, किला गेट तिथून सुटणाऱ्या उताराच्या तळाशी.) चालक ‘हो’ म्हणाला तर गाडी घ्या. ‘तिथे काही बघण्यासारखं नाही’ म्हणाला तर दुसरी बघा.

आता हाफ डेचा हिशेब मांडू. मराठी बोलणं कानावर पडलं की चालक पहिल्यांदा शिंद्यांच्या जयविलास महालात नेतो. त्यात त्याची चूक नाही, मराठी मंडळी शिंद्यांसाठी आली आहेत असं तो धरून चालतो. जयविलासमध्ये घाईत म्हटलं तरी सव्वा तास जातो. मग फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी, मोरारजवळचं बिर्लांचं सूर्यमंदिर, आणि या सगळ्याच्या येण्याजाण्यात आणखी तासभर. किल्ला चढून वर पोचेपर्यंत हातात सव्वा तास उरतो, आणि वर एकमेकांपासून लांब असलेली चार मोठी ठिकाणं आहेत. परिणाम ठरलेला: मानमंदिर महालाच्या निळ्या भिंतीसमोर फोटो, सासबहूच्या देवळासमोर फोटो, आणि खाली.

इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. किल्ल्यावर शिंदेशाही शोधायला जाल तर फारसं हाती लागणार नाही. वर जे डोळ्यात भरतं ते तोमर राजांचं आणि त्यांच्याही आधीचं. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, तिचंच पुढे लष्कर शहर झालं. राहणं, दरबार, बाजार, देवळं, सगळं खालीच. किल्ला तर इंग्रजांच्या ताब्यात होता, तो १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांकडे परत आला. म्हणून पहिला दिवस किल्ल्याचा आणि दुसरा लष्कराचा, अशी वाटणी केली की दोन्ही नीट समजतात. एकात दुसरं कालवलं की मुलांच्या डोक्यात नुसती नावं राहतात.

किल्ल्याचा दिवस सकाळी लवकर सुरू करा. पुरातत्त्व खात्याची ठिकाणं सूर्योदयापासून उघडी असतात. थंडीत आठला वर असलात तर उत्तम. मे महिन्यात साडेसहाला, कारण अकरानंतर दगड तापतो आणि पठारावर सावली तुटपुंजी आहे. माणशी लिटरभर पाणी हॉटेलमधूनच भरून घ्या.

गाडी चढते ती पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने. रस्ता अरुंद, वळणाचा आणि चढाचा. भरलेली ई-रिक्षा इथे दम टाकते, तिच्या नादी लागू नका. याच रस्त्याच्या दोन्ही कड्यांत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, पंधराव्या शतकातल्या, डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळातल्या. सर्वात उंच मूर्ती आदिनाथांची, सुमारे ५७ फूट. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत, काचेतून ‘वो देखो’ म्हणून पुढे जातात. थांबायला लावा. वीस मिनिटं पुरतात. मूर्ती फोडायचा हुकूम आपण दिल्याचं बाबराने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. पुढे काही चेहरे चुन्याने पुन्हा घडवले गेले. जवळ उभं राहिलं की जुना दगड आणि नवा चुना वेगळा ओळखता येतो. मुलांना हे शोधायला सांगा, ती रमतात.

वर आल्यावर आधी दक्षिणेकडे वळा, मानमंदिर शेवटी ठेवा. हा क्रम उलटा झाला की दिवस बिघडतो. मानमंदिर उत्तरेच्या टोकाला आहे आणि पायी उतरायची वाट त्याच्याच शेजारून सुटते. आधी मानमंदिर पाहून मग तेली मंदिराकडे गेलं, की उतरण्यासाठी पुन्हा उत्तरेकडे यावं लागतं. तेव्हा कुणाचाच उत्साह टिकत नाही आणि सगळे गाडीत बसून उरवाईनेच खाली जातात.

तेली मंदिर आठव्या-नवव्या शतकातलं, सुमारे शंभर फूट उंच. त्याचं शिखर आपल्याकडच्या देवळांसारखं निमुळतं नाही, आडव्या पिंपासारखं गोलाकार आहे, दक्षिणेतल्या गोपुरांची आठवण देणारं. हे जवळून दिसत नाही. हिरवळीच्या टोकाला जाऊन बघा, मग दाराची कोरीव पट्टी पाहायला जवळ या. ज्येष्ठांना इथे चढउतार जवळपास नाही. पलीकडे दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. जहांगिराच्या कैदेत असलेल्या गुरू हरगोबिंदांशी जोडलेलं हे ठिकाण. डोक्याला रुमाल लागतो, बूट बाहेर. उन्हाळ्यात फरशी पोळते. लंगर सगळ्यांसाठी असतो. सकाळी न खाता निघालेल्या कुटुंबाची इथे उत्तम सोय होते, आणि वर याहून चांगलं जेवण नाही.

सासबहूचं देऊळ पूर्वेच्या कड्यावर आहे. नावाचा सासू-सुनेशी संबंध नाही, मूळ नाव सहस्रबाहू, म्हणजे विष्णू. कच्छपघात राजा महीपालाच्या काळात, १०९३ मध्ये ते पुरं झालं. मोठ्या देवळाचं शिखर आता नाही, पण तीन मजली मंडप शाबूत आहे. आत उभं राहून छताकडे बघा, बाहेरच्या कोरीव कामापेक्षा आत जास्त आहे. गाडीवाले इथे दहा मिनिटं देतात. अर्धा तास घ्या.

तिकीट जपून ठेवा. तेली मंदिर, सासबहू आणि मानमंदिर ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची ठिकाणं एकाच तिकिटात होतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मानमंदिरामागचे जहांगीर महाल, शाहजहान महाल, कर्ण महाल आणि जौहर कुंड राज्याच्या खात्याकडे आहेत, त्यांचं तिकीट वेगळं. ‘आत्ताच तर काढलं’ हा वाद तिथे रोज होतो. वेळ कमी असेल तर हे महाल सोडा. चांगले आहेत, पण आजच्या दिवसातली जी गोष्ट सुटू नये ती पुढे आहे.

मानमंदिर राजा मानसिंह तोमरने बांधलं, त्याची कारकीर्द १४८६ ते १५१६. पिवळ्या बदकांची ओळ, हत्ती, मगरी, केळीची झाडं, सगळं चकाकत्या निळ्या-हिरव्या-पिवळ्या फरशीत. वर दोन मजले आणि जमिनीखाली दोन. खालचे मजले उन्हाळ्यात गारव्यासाठी होते, पुढे मोगलांनी तिथे कैदखाना केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यात कैदेत होता, १६६१ मध्ये त्याला इथेच मारण्यात आलं. खाली जाणारे जिने अरुंद आणि काळोखे आहेत, पायऱ्या उंच, वटवाघळांचा वास तीव्र. मोबाईलचा टॉर्च आधी चालू करा, मग पाय टाका. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी, दम्याच्या रुग्णांनी आणि कडेवर मूल असलेल्यांनी वरच्या चौकातच थांबावं. वरच्या चौकातल्या दगडी जाळ्या पाहायला निवांत वेळ मिळतो, हे काही कमी नाही.

वाटाड्या घ्यायचा तर तो इथेच आणि इथल्यापुरताच. ओळखपत्र बघा, दर आणि वेळ आधी ठरवा, हिंदीत सांगायला सांगा. इंग्रजीत पाठ केलेलं बोललं जातं, हिंदीत प्रश्नांना उत्तरं मिळतात.

आता ज्यासाठी फुल डे घ्यायचा ती वाट. हाथी पोळमधून बाहेर पडलं की फरसबंद उतार थेट खाली ग्वाल्हेर दरवाज्यापर्यंत जातो. या उतारावर वाहनं येत नाहीत. रमतगमत अर्धा तास लागतो. मागे वळून बघा: मानमंदिराची पूर्वेची भिंत, सहा बुरुजांची, सकाळच्या उन्हात पूर्ण उजळलेली असते. वरून कधीच दिसत नाही असा हा महालाचा खरा दर्शनी भाग. दुपारनंतर तो सावलीत जातो, म्हणून सकाळी साडेदहाच्या आत इथे असायला हवं.

लक्ष्मण दरवाज्याजवळ एकाच खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज देऊळ लागतं. दहा माणसं आत उभी राहिली तर गर्दी होईल एवढंच. आतल्या भिंतीवर संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा लेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप त्यात २७० हात बाय १८७ हात असं दिलं आहे, आणि रोजच्या ५० माळांचा उल्लेख आहे. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच गोल, फक्त लहान. भारतात ज्यांचा काळ निश्चित सांगता येतो अशा कोरलेल्या शून्यांमध्ये हे फार जुनं आणि फार महत्त्वाचं. जगभरचे गणिती हे शून्य बघायला येतात आणि ग्वाल्हेरला येणारी मराठी कुटुंबं शंभर पावलांवरून परत जातात, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. दार बंद दिसलं तर निघून जाऊ नका, आसपासच्या राखणदाराला विचारा. लेख बारीक आहे. टॉर्च समोरून मारला तर अक्षरं पुसट दिसतात, बाजूने तिरपा धरला की खोदकामात सावली पडते आणि आकडे उठून येतात. आधी फोनवर लेखाचा फोटो पाहून ठेवला तर शून्य सापडायला दोन मिनिटं लागतात, नाहीतर वीस.

उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो आणि झिजलेला दगड गुळगुळीत आहे. चप्पल नको, तळ घट्ट असलेले बूट हवेत. पावसात ही वाट टाळा. आजीआजोबांना गाडीतूनच खाली पाठवा, बाकीच्यांनी चालावं. गाडीला उरवाईतून उतरून वळसा घालून किला गेटला यायला साधारण तुमच्याइतकाच वेळ लागतो.

उताराच्या तळाशी गुजरी महाल, मानसिंहाने राणी मृगनयनीसाठी बांधलेला. आत राज्याचं पुरातत्त्व संग्रहालय आहे, ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी उभं केलेलं. सोमवारी बंद असतं. शेवटचे दोन दिवस रविवार-सोमवार येत असतील तर किल्ला रविवारीच करा. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे तिथली प्रसिद्ध दगडी स्त्रीमूर्ती, कुठे ठेवली आहे ते दारातच विचारा, नाहीतर दालनामागून दालनं बघून थकल्यावर तीच राहते. बाघच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृतीही इथे आहेत. तासभर पुरे.

तिथून हजिऱ्याला तानसेनची कबर अगदी जवळ. मोठी जाळीदार इमारत सूफी संत महंमद घौस यांची, तानसेनची शेजारची छोटी, उघड्या ओट्यावरची. अनेक जण मोठीलाच तानसेनची समजून फोटो काढतात. मोठीच्या जाळ्या मात्र आतून उजेडाच्या दिशेने बघाव्यात, अशा जाळ्या सबंध ग्वाल्हेरात दुसरीकडे नाहीत. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या तारखा जुळत असतील तर मुक्काम त्याभोवती आखा.

इथे दुपार होते आणि आठ तासांतले दोन-अडीच उरतात. ते सूर्यमंदिराला देऊ शकता, १९८८ मधलं, कोणार्कच्या धर्तीवरचं. आमच्या मते जेवून झोपलेलं बरं, कारण संध्याकाळी मानमंदिरासमोर ध्वनिप्रकाश कार्यक्रम असतो. अडचण एकच: सकाळी सातला घेतलेली गाडी तीनला संपते आणि कार्यक्रम अंधार पडल्यावर. गाडी रात्रीपर्यंत धरली तर जादा तासांचं बिल दिवसाच्या भाड्याच्या जवळ जातं. गाडी तीनला सोडा आणि संध्याकाळी रिक्षा जाऊनयेऊन ठरवा, कार्यक्रम संपेपर्यंत थांबण्याच्या बोलीवर, पैसे परतल्यावर. एकेरी रिक्षा करून वर गेलात तर रात्री उतरायला वाहन मिळण्याची शाश्वती नाही. पहिला खेळ हिंदी असतो. जानेवारीत उघड्यावर तासभर बसायला स्वेटर पुरत नाही, शाल आणि कानटोपी लागते.

मितावली, पढावली आणि बटेश्वर ही मुरेनेच्या बाजूची देवळं चाळीसेक किलोमीटरवर आहेत. अप्रतिम आहेत, पण तो वेगळा दिवस. किल्ल्याच्याच दिवशी ‘तेही करून देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

शेवटच्या दिवशी रिक्षा पुरते. जयविलास, फूलबाग, बाडा (लष्करमधला मुख्य बाजारचौक) आणि स्टेशन ही सगळी एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत. जयविलासला जाताना रिक्षावाल्याला ‘म्यूझियम’ म्हणून सांगा. नुसतं ‘महल’ म्हटलंत तर राजघराण्याच्या राहत्या भागाच्या फाटकाशी उतरवतात आणि सामान घेऊन लांब चालावं लागतं. साप्ताहिक सुट्टी आणि वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. महाल १८७४ मधला, जयाजीरावांनी मायकेल फिलोजकडून बांधून घेतलेला. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी तळमजल्यावर, दरबार हॉल काचेच्या कठड्याच्या जिन्यावरून वर. तिथली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छताची ताकद बघायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. मराठी माणसाने दोन तासांतला अर्धा तास राखून ठेवावा तो २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘गाथा स्वराज की’ या मराठ्यांवरच्या दालनासाठी.

फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी पंधरा मिनिटं शांत थांबा आणि मग बाड्यावर या.

खरेदीत फसवणुकीपेक्षा घाई जास्त नडते. चंदेरी साडी घेताना उलटी बाजू बघा. हातमागावर बुट्टी वेगळ्या धाग्याने जागच्या जागी भरलेली असते, मागे लोंबते धागे नसतात. यंत्रमागाच्या नकलेत मागे कापलेल्या धाग्यांची टोकं बोटाला लागतात. दुकानदार घाई करत असेल तर मध्य प्रदेश सरकारच्या ‘मृगनयनी’त जा. नया बाजारातल्या बहादुराचे तुपातले लाडू अटलजींच्या आवडीचे म्हणून प्रसिद्ध आहेत. ते त्याच दिवशी खायचे, गावी न्यायला गजक.

गजक म्हणजे आपली चिक्की नव्हे. गुळाचा पाक ओढून ओढून फिका करतात, भाजलेल्या तिळात घालून गरम असतानाच लाकडी मोगऱ्यांनी कुटतात, त्यातून पापुद्रे तयार होतात. चांगली गजक दाताखाली आवाज न करता विरघळते. कडक लागली तर ती नीट कुटलेली नाही, चिवट लागली तर हवा लागलेली आहे. हा थंडीचा पदार्थ, एप्रिलात मागू नका. ओलाव्याने ती एका दिवसात मऊ पडते. पुठ्ठ्याच्या खोक्यात न्यायची तर बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, घरी पोचताच डब्यात काढा. गाडीत बर्थखाली सुटकेसच्या दाबात ठेवली तर मुंबईला चुरा उतरतो, हातातल्या पिशवीतच न्या.

सामान हॉटेलने ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर स्टेशनचं क्लोकरूम आहे. तिथे प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. एकही बॅग बिनकुलपाची असली तर घेत नाहीत. तेव्हा दोन लहान कुलपं आदल्या दिवशीच आणून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत एक सावधगिरी. पंजाब मेल फिरोजपूरहून आणि झेलम जम्मूकडून येते. तिकडे धुकं पडलं की ग्वाल्हेरला ऊन असूनही गाडी तासन्‌तास मागे पडते. सकाळी उठल्याबरोबर गाडी कुठवर आली ते रेल्वेच्या ॲपवर बघा आणि उशीर असेल तर खोली दुपारपर्यंत वाढवून घ्या. लहान मुलं घेऊन प्लॅटफॉर्मवर काढलेल्या पाच तासांपेक्षा ते भाडं स्वस्त पडतं. गाडी इथे सुटत नाही, नुसती थांबते, तेही थोडी मिनिटं. डब्याची जागा फलकावर बघूनच सामान मांडा.